साळ, सांतिनेज आणि कायाक: शहरातल्या पाण्यात उतरण्याआधी

पाणी नितळ दिसलं म्हणून ते चांगलं, आणि गढूळ म्हणून वाईट, हा हिशेब गोव्याच्या नद्यांना लागू पडत नाही. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीचा, गाळ ढवळला की पाणी गढूळ होतं, त्यात भिण्यासारखं फारसं काही नसतं. उलट जुलाबाचे विषाणू काचेसारख्या पाण्यातही असतात. रंगापेक्षा तीन गोष्टी पाहा: वरच्या अंगाला काय मिसळतं, भरती आहे की सुकती (ओहोटी), आणि शेवटचा पाऊस कधी पडला.

साळ नदीचंच बघा. वेर्ण्याच्या बाजूने येऊन ती मडगावच्या कडेने नावेली, बाणावली, वार्का, असोळणा करत बेतूलला समुद्राला मिळते. मडगावचं सांडपाणी तिला जिथे मिळतं, त्या खारेबांदच्या परिसरात कायाक (वल्ह्याची छोटी होडी) घालू नये. तिथे सावधगिरीचे उपाय सांगत बसण्यातही अर्थ नाही. पणजीत सांतिनेजची खाडी आणि मळ्याकडची रुआ द ओरेंची खाडी याच वर्गातल्या. काठावरून बघाव्यात, पाण्यात हात घालू नये. साळचाच केळशी-बेतूलकडचा रुंद पट्टा वेगळा. तिथे समुद्राचं पाणी रोज आत-बाहेर करतं, पण वेळ साधावी लागते.

भरती आणि सुकती यांच्यात साधारण सहा तासांचं अंतर असतं. सुकतीत शहराकडचं पाणी खाली वाहत येतं आणि सुकतीच्या शेवटी पात्रात पाणीही कमी उरतं, म्हणजे घाण दाट होते. खालच्या पट्ट्यात भरतीचे शेवटचे दोन तास त्यातल्या त्यात बरे. मात्र वरच्या भागात भरतीचा उपयोग नाही: ती खाली गेलेलंच पाणी परत वर ढकलते.

पावसानंतर निदान तीन दिवस थांबा. पहिल्या मोठ्या सरीत गटारं, भरलेल्या सेप्टिक टाक्या आणि रस्त्यावरचं उंदरा-गुरांचं मूत एकदमच नदीत येतं. २४ जूनचा सांजाव, विहिरी-ओहोळांत उड्या मारायचा गोव्यातला सण, नेमका याच दिवसांत येतो. विहिरीत उडी मारायचीच असेल तर निदान शौचालयाच्या शोषखड्ड्यापासून दूर असलेली विहीर निवडा, आणि वस्तीतल्या ओहोळात उडी टाळा.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचा तक्ता वाचताना ‘फीकल कोलिफॉर्म’चा, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जंतूंचा, रकाना बघा. आंघोळीच्या पाण्यासाठी १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत इष्ट, २,५०० ही कमाल मर्यादा. खाडीमुखाच्या आणि किनाऱ्याच्या पाण्याला पोहण्यासाठी त्याहून कडक, १०० चा निकष आहे. हा आकडा नमुना घेतला त्या दिवसाचा असतो, आजचा नाही. म्हणून एका महिन्यावर न जाता वर्षभराचे आकडे बघावेत. बाजारात मिळणारी, पाणी काळं पडलं की दूषित असं सांगणारी बाटली इथे निरुपयोगी: ती पिण्याच्या पाण्यासाठी असते, नदीचं पाणी घातलं तर ती जवळजवळ नेहमीच काळी पडणार.

रोग शरीरात शिरतो तो तोंडातून, डोळ्या-नाकातून आणि फुटलेल्या कातडीतून. म्हणून तयारी या वाटांप्रमाणे करायची. पायात चपला नकोत, बंद बूट हवेत: खारफुटीच्या मुळांना चिकटलेली कालवं पाऊल सुरीसारखं कापतात. ताजी जखम, खाजवून काढलेला फोड, नुकताच गोंदलेला हात असेल तर त्या दिवशी बेत रद्द. वॉटरप्रूफ पट्टीवर भिस्त ठेवू नका, वल्हवताना ती कडेने सुटते. पाणी प्यायची नळीची बाटली वल्ह्याच्या थेंबांनी माखते आणि तेच थेंब पोटात जातात, त्यामुळे झाकणाची बाटली बंद पिशवीत ठेवावी. कायाक उलटवून सरळ करायचा सराव इथे अजिबात करू नये. हात धुतल्याशिवाय पाव, चणे काही नाही.

सोबत एक लिटर पिण्याचं पाणी फक्त धुण्यासाठी ठेवा. कापलं तर तिथेच वाहत्या धारेने आणि साबणाने पाच मिनिटं धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा. धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील तर घाणेरड्या जखमेसाठी डॉक्टर पुन्हा एक देतात. घरी आल्यावर साबणाने आंघोळ. वल्हं, जॅकेट आधी साबणाने धुवा, चिखल राहिला तर क्लोरीन त्यातच संपतं. मग एक लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं ब्लीच २० मिलिलिटर घालून दहा मिनिटं ठेवा आणि स्वच्छ पाण्याने खळबळून काढा. त्यात संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू निघतो.

आता तारखा, कारण रोग लगेच दिसत नाही. उलटी-जुलाब बहुतेक एक-दोन दिवसांत. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरा-गुरांच्या मुतातून पसरणारा ताप) साधारण ५ ते १४ दिवसांत, कधी महिन्यानेही. टायफॉइड एक ते तीन आठवड्यांत. कावीळ ‘ए’ १५ ते ५० दिवसांत, म्हणजे नदी विसरल्यावर. ‘ए’ आणि टायफॉइडची लस आहे, वारंवार जाणाऱ्यांनी घ्यावी. लेप्टोसाठी जास्त धोक्यातल्यांना डॉक्टर आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदरपणात आणि लहान मुलांना ते चालत नाही, म्हणून फार्मसीतून परस्पर घेऊ नका.

लेप्टोचे जंतू खाऱ्या पाण्यात फार टिकत नाहीत, गोड्या ओहोळात आणि ओल्या मातीत टिकतात. याउलट कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ हा जखमेतून शिरणारा जंतू असतो, आणि त्याला सांडपाणी लागतच नाही. यकृताचा आजार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी उघडी जखम घेऊन खाडीत उतरूच नये. जखमेभोवती काही तासांत लाली पसरली, दिसते त्यापेक्षा जास्त दुखू लागलं किंवा जांभळे फोड आले, तर सकाळची वाट न पाहता १०८ला (रुग्णवाहिका) फोन लावा किंवा थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा.

ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल, लघवी कमी, हे जमून आलं तर लेप्टो धरूनच चालावं. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका, मूत्रपिंडं आधीच संकटात असू शकतात आणि डेंग्यू असेल तर रक्तस्रावाची भीती. पॅरासिटामॉल घ्या आणि इस्पितळ गाठा. पहिल्या चार-पाच दिवसांत अँटिबॉडीची चाचणी नकारात्मक येऊ शकते. तेवढ्यावर रोग नाही असं ठरत नाही. डॉक्टरांना आपणहून सांगा: कुठल्या नदीत, कुठल्या तारखेला, आधी पाऊस होता का, कातडी फुटली होती का. नुसतं ‘ताप आलाय’ म्हटलं तर पावसाळ्यात आधी मलेरिया-डेंग्यूच तपासतील.