फुफ्फुसांसाठी आहार: या चुका टाळा

फुफ्फुसांसाठी काय खावं असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखादा काढा हवा असतो, जो घेतला की फुफ्फुसं 'साफ' होतील. असा काढा नाही. पोटात गेलेला रस श्वासनलिकेत उतरत नाही. तिथली झाडलोट आतल्या अस्तरावरचे सूक्ष्म केस करतात. कफात अडकलेली धूळ ते सतत घशाकडे ढकलत असतात आणि तंबाखूचा धूर त्यांनाच लुळं करतो. आहाराचं मोठं काम वेगळं आहे: श्वास ओढणाऱ्या स्नायूंना बळ देणं.

धाप लागते म्हणून जेवण तोडणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद होऊन कायम धाप लावणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, असलेल्या माणसाची नुसत्या श्वास घेण्यातच निरोगी माणसापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा खर्च होते. त्यात चार घास खाल्ले की दम लागतो, म्हणून तो ताट सारतो. वजन उतरतं, स्नायू झिजतात. छातीखालचा पडदा हाही स्नायूच, त्यामुळे धाप आणखी वाढते.

भरल्या पोटाने हा पडदा नीट खाली सरकत नाही, म्हणून तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं खा. जेवणाआधी जरा विसावा घ्या आणि ताठ बसून जेवा. अंडी, मासे, डाळी, दही असे प्रथिनांचे पदार्थ आधी खा, म्हणजे दमून थांबावं लागलं तरी महत्त्वाचं पोटात गेलेलं असेल. पाणी जेवणानंतर प्या, नाहीतर पोट पाण्यानेच भरतं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावायला सांगितला असेल तर तो जेवताना काढू नका. खाणं आणि पचवणं यालाही ऑक्सिजन लागतो. साठ किलोच्या माणसाचं वजन सहा महिन्यांत काही न करता तीन किलो घटलं, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

वजन जास्त असेल तर पोटावरची चरबी याच पडद्याला अडवते. ते कमी करायलाच हवं, पण उपाशी राहून नाही. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही जातात.

भाजीऐवजी गोळी

गाजर, पालक चांगले, मग त्यांच्यातलं बीटा-कॅरोटीन गोळीतूनच का घेऊ नये? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर हे तपासून पाहिलं. १९९४ साली निकाल आला: ही गोळी घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतल्या अशाच चाचणीत बीटा-कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही दिलं होतं. ती १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. धूम्रपान करणाऱ्यांनी, केलेल्यांनीही, या गोळ्यांपासून दूर राहावं. गाजर खुशाल खावं. रोज निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या पोटात जाव्यात.

कफ होतो म्हणून दूध बंद

दुधाने कफ वाढत नाही. ते लाळेत मिसळून घशाशी दाटसर वाटतं, एवढंच. नंतर घोटभर पाणी प्या. दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांची हाडं ठिसूळ होतात, त्यांनी कॅल्शियमचा हा सोपा स्रोत उगाच सोडू नये. दुधाची ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी.

रात्री खोकला येतो?

जेवण आणि अंथरूण यांत दोन-तीन तासांचं अंतर आहे का, ते आधी बघा. लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं आणि खोकला, दमा चाळवतो. पायांवर सूज असेल तर मीठ मोजा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, आणि त्यात पाकीटबंद पदार्थांतलं मीठही धरायचं. काही दमेकऱ्यांना सुकवलेल्या फळांतल्या किंवा वाइनमधल्या सल्फाइटने (टिकवण्यासाठी घातलेल्या रसायनाने) त्रास होतो, तेव्हा पाकिटावरचा मजकूर वाचा. आणि थिओफिलिन हे श्वासनलिका मोकळं करणारं औषध चालू असेल तर कॉफी बेतानेच घ्या. दोघांची रासायनिक घडण जवळची, त्यामुळे धडधड आणि हाताचा कंप वाढतो.