तळ्याच्या थेंबातली पंगत बघायचीय? मग या चुका टाळा

‘अमिबा छद्मपादांच्या साहाय्याने अन्नग्रहण करतो.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत दोन मार्कांसाठी लिहिलंय. ते होताना डोळ्यांनी बघितलेले किती? घरी मायक्रोस्कोप आला की उत्साहानं तळ्याचं पाणी येतं, आणि पुढच्या रविवारी तीच मंडळी बरणी घेऊन आमच्या दारात. तक्रारी ठरलेल्या: ‘नुसते पळतात हो’, ‘काही दिसतच नाही’, ‘दिसले, पण खात नाहीत’.

खात नाहीत, कारण तुम्ही त्यांना घाबरवलंय. ज्या जिवाला तुम्ही नुकतंच ड्रॉपरमध्ये ओढलं, काचेवर आपटलं, वरून दुसरी पातळ काच (कव्हरस्लिप) ठेवली आणि खालून झगझगीत दिवा लावला, तो लगेच ताटावर बसेल का?

पहिली चूक आणि सगळ्यांची आई: घाई

माझ्या भाच्याला नववीत मायक्रोस्कोप मिळाला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘२०००एक्स’. (असं लिहिलेलं दिसलं की मला मळमळतं.) गड्यानं थेट ४०ची लेन्स लावली. आता हिशोब करा. पॅरामेशिअम, म्हणजे अंगभर बारीक केस असलेला एकपेशी जीव. त्याची लांबी साधारण पाव मिलिमीटर, वेग सेकंदाला मिलिमीटरभर. डोळ्याजवळच्या दहाच्या भिंगाबरोबर (आयपीस) ४०ची लेन्स लावलीत, तर दिसणारं वर्तुळ जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद. म्हणजे प्राणी आला-आला म्हणेपर्यंत गेलासुद्धा.

भाच्यानं यावर तोडगा काढला. टिपकागद लावून कव्हरस्लिपखालचं पाणी शोषलं. पॅरामेशिअम खरंच थांबला. थोड्या वेळानं घरभर आरोळी: ‘मावशी, लवकर ये! खाल्लेलं बाहेर टाकतोय!’ मी जाऊन बघते तो काय, बिचारा दोन काचांमध्ये पोळीसारखा लाटला गेलेला, कडेला पारदर्शक फुगे आलेले, आणि एका बाजूनं आतलं सगळं बाहेर सांडत होतं. त्याला सांगितलं, ‘अरे, हे जेवण नाही, मरण आहे.’ त्याचा चेहरा उतरला, पण तेव्हापासून तो कव्हरस्लिप दाबत नाही.

माझी पद्धत साधी आहे. कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांना टाचणीच्या डोक्याएवढं व्हॅसलिन लावते. त्या पायांवर काच उभी राहते आणि खाली प्राण्यांना जागा मिळते. थेंबात कापसाचे चार-पाच तंतू विंचरून टाकते आणि बरणीतल्या पाण्यावर साय धरते ना, तिचा कणभर तुकडा ठेवते. ती साय म्हणजे बॅक्टेरियांचा थर, पॅरामेशिअमचं जेवणाचं ताट. त्याला टेकायला काही मिळालं की तो पळणं सोडून तिथेच रेंगाळतो आणि तोंडाकडे पाणी ओढायला लागतो. मग मी दिवा बंद करून चहा टाकायला जाते. दहा मिनिटं. ही दहा मिनिटं ज्यांना जमत नाहीत त्यांनी पतंग उडवावा, तोही छान छंद आहे.

परत आल्यावर ४ची लेन्स, मग १०ची. नव्वद टक्के जेवणं मी १००पट आवर्धनातच बघितलीत. संशोधक मनू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये मांडलेल्या फोल्डस्कोपची, म्हणजे कागदी मायक्रोस्कोपची, नेहमीची लेन्स १४०पटच मोठं दाखवते, आणि त्याचं कुणाचं काही अडत नाही.

अमिबाला तर दहा मिनिटंही पुरत नाहीत. धक्का बसला की तो गोळा होऊन पडून राहतो, कचऱ्याच्या कणासारखा दिसतो आणि लोक तो पुसून टाकतात.

मिथाइल सेल्युलोजचा घट्ट द्राव घालून प्राणी मंद करायचा जवळचा रस्ता सगळे सुचवतात. आकार बघायला, मोजायला ठीक. जेवण बघायला नाही. चिकट खळीत हात बांधून बसवलेल्या माणसाला वाढून काय उपयोग? ज्या सिलियांनी, म्हणजे अंगावरच्या बारीक केसांनी, तो अन्न ओढणार, त्याच तुम्ही जड करून ठेवता.

सुरुवातच पॅरामेशिअमपासून करणं

मुळात त्याच्या मागे धावायचं कशाला? व्हॉर्टिसेला घ्या. देठावर उभी असलेली उलटी घंटा. एका जागी बसून खाते, तीही तासन् तास. जलपर्णी किंवा टिकलीएवढ्या पानांची तरंगती वनस्पती घरी आणा, मुळाचा अर्धा सेंटिमीटर तुकडा कापा आणि पाण्याच्या थेंबात ठेवा. बहुतेक वेळा तिथे तिची वसाहत सापडते. टेबलाला टिचकी मारलीत की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो. हळूहळू उलगडतो, घंटेचं तोंड उघडतं आणि दोन्ही बाजूंना कणांचे भोवरे सुरू होतात. भोवरे दिसले म्हणजे जेवण चालू. देठ सोडून ती पोहायला लागली तर समजा की पाणी बिघडलंय, आणि नवी स्लाइड करा.

शाईची गोष्ट

ही चूक दुसऱ्यांची सांगत नाही, माझीच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत नवी होते तेव्हा कुठेतरी ऐकलं होतं की रंग दिला की पोटातलं अन्न दिसतं. मी पेनातली निळी शाई थेंबभर घातली. पाच मिनिटांत पॅरामेशिअम निळेशार! वर्गाला रांगेत उभं करून दाखवलं. ‘बघा, कसे पोटभर जेवलेत.’ दोन वर्षं दाखवत होते. एका मुलीनं विचारलं, ‘बाई, मग हे हलत का नाहीत?’ तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पेनाची शाई पाण्यात विरघळलेला रंग असते, तिच्यात गिळायला कण नसतात. जिवंत पेशी असा रंग सहजासहजी आत घेत नाही, मेली की सगळी रंगते. मी मुलांना दोन वर्षं प्रेतं दाखवत होते.

रंगाच्या बाबतीत फसलेली मी एकटी नाही, एवढंच समाधान. जर्मन शास्त्रज्ञ क्रिस्टियान एरेनबर्गनं या जिवांना नीळ आणि कार्मिन या लाल रंगाचे कण खाऊ घातले. आत रंगीत गोळे दिसले, आणि हे सगळे आतड्यानं जोडलेले पोटांचे कप्पे आहेत असं त्यानं ठरवलं. १८३८च्या भल्यामोठ्या ग्रंथात तसं मांडलंही. फ्रान्सच्या फेलिक्स द्युजार्दिननं त्याला कडाडून विरोध केला आणि द्युजार्दिनचंच बरोबर होतं. ते कायमचे कप्पे नव्हेत. घासागणिक नवी बनणारी, पेशीत फिरणारी आणि शेवटी रिकामी होऊन नाहीशी होणारी ती अन्नरिक्तिका.

म्हणजे रंग नाही, रंगीत कण द्यायचे. चित्रकलेची काळी इंडियन इंक मिळते, तिच्यात काजळीचे कण असतात. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेली घेऊ नका, तिच्यात लाख असते. वाटीभर पाण्यात थेंबभर शाई, आणि त्या पाण्याचा थेंब स्लाइडवर. जिवंत पॅरामेशिअममध्ये एकेक काळा ठिपका तयार होताना दिसतो. ठिपके गोल, वेगवेगळे आणि फिरते असतील तरच ‘खाल्लं’ म्हणा.

काँगो रेड नावाचा रंग लावलेलं यीस्ट याहून सुंदर. गिळलेला घास आधी लाल, मग आत आम्ल झालं की निळसर जांभळा, पुढे पुन्हा लालसर. पचन रंगात दिसतं. ३ ग्रॅम यीस्ट, ३० मिलिग्रॅम रंग आणि १० मिलिलीटर पाणी दहा मिनिटं मंद उकळायचं, आणि गार झाल्यावर दातकोरणीच्या टोकावर येईल तेवढंच थेंबात घालायचं. लोक चमचाभर घालतात आणि मग लाल चिखल बघत बसतात. हा रंग विषारी आहे. स्वयंपाकाचं भांडं वापरायचं नाही आणि हातमोजे घालायचे. मुलांना एकट्यानं करू देऊ नका.

धडधडणाऱ्या पिशवीला तोंड समजणं

पॅरामेशिअमच्या दोन्ही टोकांना चांदणीसारखं काहीतरी फुगतं आणि फटकन मिटतं. ‘बघा, घास घेतोय!’ नाही हो. तो आत शिरलेलं पाणी उपसतोय. गोड्या पाण्यात राहणाऱ्या पेशीत पाणी सारखं झिरपत असतं, ते बाहेर टाकावंच लागतं. अमिबातही असा एक बुडबुडा असतो. ठरावीक वेळानं मिटणारी, आत काहीही नसलेली पिशवी म्हणजे पंप. आत कण दिसत असतील तर घास.

बाकीच्या, पटापट

तळ्याचं मधलं स्वच्छ पाणी आणू नका. स्वच्छ म्हणजे उपाशी. शेवाळ पिळा, कुजलेली पानं उचला, तळाचा गाळ घ्या.

बरणी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावून उन्हात गाडीत ठेवायची नाही. घरी पोचेपर्यंत आत सूप झालेलं असतं.

नळाचं पाणी घालू नका, त्यात क्लोरिन. पाणी कमी झालं तर त्याच तळ्याचं गाळून घाला.

खायला म्हणून बरणीत पावाचा तुकडा टाकणाऱ्यांना मी हात जोडते. तांदळाचे दोन दाणे पुरतात. वास मारायला लागला की बरणी गेली.

डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमीजास्त करणारी झडप, पूर्ण उघडा ठेवला तर काचेसारखे पारदर्शक प्राणी उजेडात विरघळतात. तो मिटत आणा, कडा उमटेपर्यंत. दहापैकी सहा ‘काही दिसत नाही’वाल्यांचा इलाज एवढाच असतो.

जाड काळ्या कडेचा, अगदी गोल, अजिबात न हलणारा ‘अमिबा’ हा हवेचा बुडबुडा आहे.

डोक्यावर दोन चाकं आणि आत दळणारा जबडा दिसला तर ती रोटिफर. बघायला मजा येते, पण ती आपल्या एकपेशी मंडळींतली नाही, तिला जवळजवळ हजार पेशी असतात.

हिरवी युग्लीना घास कधी घेते याची वाट बघत बसू नका. ती उजेडावर स्वयंपाक करते, घास गिळत नाही.

स्लाइड सुकायला लागली की कव्हरस्लिपच्या कडेला थेंब द्या. वरून ओतू नका.

आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवा. मोठ्या अक्षरांत, मराठीत, तारखेसकट. तीन आठवडे जपलेली माझी एक बरणी, जिच्यात आदल्याच रात्री पॅरामेशिअम अख्खा गिळणारा डिडिनियम मला आयुष्यात पहिल्यांदा दिसला होता, ती सासूबाईंनी सकाळी राखेनं लख्ख घासली आणि तिच्यात मोरावळा भरला.