क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते? प्लेटा बदलण्याआधी हे बघा

जून ते सप्टेंबर मांगरात नाहीतर मागच्या पडवीत उभी राहिलेली जुनी मोटरसायकल गणपतीला बाहेर काढली की क्लचचं दुखणं हमखास निघतं. जामसंड्यात माझं छोटं गॅरेज आहे. त्या दिवसांत येणाऱ्या गिऱ्हाइकाचं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "क्लच दाबलंय तरी गाडी फुडे वढता." पहिला गिअर टाकला की खाटकन आवाज येतो, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही, कधी गिअर पडताच इंजिन बंद होतं. म्हणजे लिव्हर दाबल्यावर क्लच पूर्ण सुटत नाहीये.

यावर कोणी उभ्या उभ्या "प्लेटा गेल्या" म्हणालं तर लगेच पैसे काढू नका, हे मी कळकळीने सांगतो. क्लचमधल्या प्लेटा झिजल्या की क्लच घसरतो. रेस वाढते पण गाडी पळत नाही, चढाला मागे पडते. क्लच न सुटणं हे त्याच्या उलटं दुखणं आहे आणि बऱ्याचदा ते इंजिनच्या बाहेरच असतं. म्हणून लिव्हरपासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी आत जायचं.

मी इथे हिरो होंडा सीडी १०० धरून लिहितोय. १९८५ साली आलेली ही गाडी आमच्या तालुक्यात अजून रोज कामाला जाते. तेलात बुडालेला क्लच असलेल्या इतर गाड्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

पहिली परीक्षा फुकटची आहे. चावी बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. लिव्हर पूर्ण दाबून किक हाताने खाली ढकला. या गाडीची किक क्लचमधून इंजिन फिरवते, त्यामुळे क्लच सुटत असेल तर किक हलकी जाते, कॉम्प्रेशन (इंजिनचा दाब) लागत नाही. कॉम्प्रेशन लागलं तर प्लेटा एकमेकींना चिकटल्या आहेत किंवा लिव्हरची ओढ आतपर्यंत पोहोचतच नाहीये. जुन्या बुलेटलाही ही परीक्षा चालते. ज्या गाड्या गिअरमध्ये क्लच दाबून किकवर सुरू होतात, त्यांना मात्र चालत नाही.

आता लिव्हर. टोकाशी १० ते २० मि.मी. मोकळी ढील हवी. पट्टी लावून मोजा, अंदाजाने नको. ढील याहून जास्त असेल तर लिव्हरची अर्धी चाल ढील भरण्यातच जाते. लॉक नट सैल करून केबलच्या खालच्या अ‍ॅडजस्टरने ढील आणा, वरच्याने बारीक जुळवा, नट पुन्हा आवळा. गाडी ओढते म्हणून ढील शून्यावर नेऊ नका. मग क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि चांगल्या प्लेटा खरोखर जळतात.

ढील बरोबर असूनही गाडी ओढत असेल तर बहुतेक जण थेट इंजिन उघडतात. त्याआधी इंजिनच्या उजव्या कव्हरवरच्या क्लच आर्मवर (केबल ज्याला ओढते त्या दांडीवर) बोट ठेवा आणि दुसऱ्याला लिव्हर सावकाश दाबायला सांगा. वर लिव्हर हलायला लागल्यावर खाली आर्म कधी हलतो आणि किती हलतो, ते बोटाला कळतं. कुणकेश्वरकडच्या एका मासेवाल्याची गाडी माझ्याकडे आली तेव्हा प्लेटा नुकत्याच दुसरीकडे बदललेल्या होत्या, तरी गाडी ओढतच होती. आर्म जेमतेम हलत होता. लिव्हरचा बोल्ट काढून पाहिला तर भोक झिजून लांबट झालेलं आणि बोल्टच्या मधोमध खाच पडलेली. दाबलेल्या लिव्हरची पहिली चाल त्या भोकातच मुरत होती. लिव्हर आणि बोल्ट नवे टाकल्यावर गाडी सुटी झाली. गाडी पडून लिव्हर वाकलेली असली तरी असंच होतं, ती मुठीला लवकर टेकते.

तसंच लिव्हर दाबताना केबलच्या नळीकडे बघा. नळी जागच्या जागी वळवळत असेल तर ओढ तिथे वाया जातेय. आमच्याकडे केबल वरून मरते. लिव्हरपाशी रबरी टोपी फाटते, पावसाचं पाणी आणि खारी हवा आत जाते आणि पहिल्या वळणापाशी तार गंजून फुगते. केबल काढून तार हाताने पुढेमागे करा. अडखळली, किंवा निपलपाशी (तारेच्या टोकाच्या गोळ्यापाशी) एक जरी धागा तुटलेला दिसला, तर नवी घ्या. नुसती कोरडी असेल तर टांगून ठेवा, वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा दोऱ्याने बांधून त्यात इंजिन ऑइल ओता आणि खालून थेंब पडेपर्यंत रात्रभर राहू द्या. ज्या केबलच्या नळीला आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं, तिला तेल देऊ नका.

मग तेल. डिपस्टिक पुसून नुसती टेकवून पातळी बघायची, आटे फिरवून नाही. गाडी मेन स्टँडवर, जमीन सपाट. तेल जास्त भरलं किंवा फार जाड घातलं तर सकाळी गाडी ओढतेच. पावसाळ्यात घर ते बाजार इतकंच चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही, पाणी साठतं आणि डिपस्टिकवर पांढरट फेस येतो. असं तेल लगेच बदला. डब्यावर जासो एमए किंवा एमए २ असं लिहिलेलंच तेल घ्या, ते ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचसाठी असतं. स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं ती गती, वाढलेला असेल तर तोही उतरवा. चढ्या स्लोवर चांगल्या क्लचचाही गिअर खाटकन पडतो.

उभ्या राहून चिकटलेल्या प्लेटा बहुतेक वेळा न उघडता सुटतात. इंजिन न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं गरम करा, बंद करा. जुन्या ट्यूबच्या पट्टीने लिव्हर मुठीला बांधून रात्रभर ठेवा. सकाळी चौथा गिअर टाकून गाडी पुढेमागे झोके देत ढकला. सुटली की चाक एकदम हलकं होतं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून गाडी भिंतीला लावायची पद्धत मी पाहिली आहे. ती करू नका, माणूस चिरडू शकतो. पुढच्या पावसाळ्याआधी घरच्यांना एवढंच सांगा, की पंधरा दिवसांनी एकदा लिव्हर दाबून पाच-सहा किका मारायच्या.

इतकं करूनही ओढत असेल, विशेषतः इंजिन तापल्यावर जास्त, तर उघडायला हवं. तेल काढा, किक, सायलेन्सर आणि आड येणारं फूटरेस्ट उतरवा, मग उजवं कव्हर. क्लचवरचे चार बोल्ट थोडे थोडे, तिरपे-समोरासमोर सैल करायचे. आतला खाचांचा नट खास टी-पान्यानेच खोला. छन्नी-हातोडीने खाचा तुटतात आणि ठोक्यांनी बेअरिंगला मार बसतो.

लोखंडी प्लेटा काचेवर ठेवा. ०.२ मि.मी.चं फीलर पातं (फट मोजायची पातळ पट्टी) खाली सहज गेलं तर ती प्लेट वाकलीय, बदला. तांबूस गंज वरवर असेल तर बारीक पॉलिश पेपरने जातो. मग हाऊसिंगच्या, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याच्या, बोटांवरून नख फिरवा. प्लेटांच्या कानांनी तिथे खाचा पाडलेल्या असतात, प्लेटा त्यांत अडकतात आणि दूर सरकत नाहीत. उथळ खाचा कानसने सपाट करा, पण दोन्ही बाजू सारख्या. खोल असतील तर हाऊसिंग नवं. नव्या क्लच प्लेटा बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवा. चारही स्प्रिंगा सारख्या उंचीच्या आहेत ना, ते शेजारी उभ्या करून बघा. एक जरी बसलेली असली तरी प्लेट तिरकी उघडते आणि गाडी ओढत राहते.

कव्हर लावताना गास्केट नवं टाका, तेल मापात भरा, ढील पुन्हा मोजा. नव्या प्लेटा बसतात तशी ढील कमी होते, म्हणून आठवडाभराने परत एकदा पट्टी लावा.