ॲक्टिव्ह बॉक्सचा ॲम्प्ली दुरुस्त करायला मी कसा शिकलो (दोनदा उडवून)

पहिला ॲक्टिव्ह बॉक्स (आतच ॲम्प्ली बसवलेला स्पीकर) हातात आला तेव्हा आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक करून मला जेमतेम चार महिने झाले होते आणि कराडात एका काकांच्या दुकानात बसायला लागलो होतो. बसायला म्हणजे झाडलोट, चहा आणणे आणि माईकच्या वायरींना सोल्डर मारणे. बॉक्स एका भजनी मंडळाच्या आप्पांचा, बारा इंची वूफर, मागच्या प्लेटवरच ॲम्प्ली आणि वर मोठ्या अक्षरात १००० वॅट छापलेलं. त्या आकड्यावर जाऊ नका, प्लेटवर फ्यूज किती अँपिअरचा लिहिलाय ते बघा. याच्यावर ३.१५ अँपिअर लिहिलं होतं, २३० ने गुणलं तरी सव्वासातशे वॅट होतात, मग सलग १००० कुठून येणार? आणि आत तर फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती.

आप्पा म्हणाले, हरिपाठ चालू असताना फट्ट झालं आणि बंद पडला. मी पुढं काहीच विचारलं नाही. प्लेट उघडली, मीटर बझरवर टाकला, दोन आउटपुट मॉस्फेट (स्पीकरला करंट देणारे, स्विचसारखे चालणारे ट्रान्झिस्टर) ड्रेन-सोर्स या दोन पायांत शॉर्ट मिळाले. मला वाटलं सापडला की फॉल्ट, दहा मिनिटांत! नवीन दोन टाकले, वायर थेट बोर्डात घातली, बटण दाबलं आणि बंदुकीसारखा आवाज. दुकानाचा एमसीबी पडला, अंधार, आणि अंधारात काकांचा शांत आवाज आला, "ड्रायव्हर बघितला होतास का रे?"

नव्हता बघितला. ड्रायव्हर बघायचा असतो हेच माहीत नव्हतं.

तर नवीन लोकांसाठी आधी हे सांगतो की त्या प्लेटच्या मागं असतं काय. आजकालच्या बहुतेक बॉक्समध्ये जड ट्रान्सफॉर्मर नसतो, एसएमपीएस असते, ती मेनची लाईन सरळ डीसी करून पुन्हा कापून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून प्लस-मायनस रेल, म्हणजे ॲम्प्लीला लागणारा सप्लाय बनवते, समजा प्लस ६५ आणि मायनस ६५ व्होल्ट. त्यावर क्लास डी ॲम्प्ली चालतो, म्हणजे दोन मॉस्फेट सेकंदाला काही लाख वेळा आळीपाळीने चालू-बंद होतात, पुढं कॉइल आणि कंडेन्सर त्यातून ऑडिओ तेवढा गाळून स्पीकरला देतात. त्या मॉस्फेटना चालू-बंद करायला सांगतो तो ड्रायव्हर आयसी, आमच्या त्या बॉक्सात आयआरएस २०९२ होता, स्वस्तातल्या पुष्कळ बोर्डांवर हाच दिसतो. आणि तिसरा भाग प्रीॲम्प, म्हणजे जॅक, व्हॉल्यूम, ऑपॲम्प (बारीक सिग्नल वाढवणारा आयसी), क्रॉसओव्हर (बास आणि ट्रेबल वेगळे करणारा), नवीन मॉडेलमध्ये डीएसपी (हेच काम डिजिटल करणारी चिप). हे तीन भाग डोक्यात वेगळे ठेवले की अर्धं काम सोपं होतं, कारण "बॉक्स बंद आहे" या एका तक्रारीत तिन्हीपैकी काहीही असू शकतं.

मॉस्फेट शॉर्ट होतो तेव्हा गेट (ड्रायव्हरकडून चालू-बंदचा हुकूम घेणारा पाय) पण आतून फुटलेला असू शकतो, मग रेलचा व्होल्टेज गेटवाटे उलटा ड्रायव्हरमध्ये घुसतो. म्हणून मॉस्फेट गेला की दोन्ही मॉस्फेट, ड्रायव्हर, गेटचे छोटे रेझिस्टर आणि तिथले डायोड हा सगळा संच संशयित धरायचा. मी मेलेल्या ड्रायव्हरवर नवे मॉस्फेट बसवले, दोन्ही एकदम चालू झाले आणि प्लसपासून मायनसपर्यंत सरळ रस्ता मिळाला.

आता जिवाचं. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाला की मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी बसतो आणि प्लग काढल्यावरही तो तसाच बसून राहू शकतो, खास करून एसएमपीएस मेलेली असेल तेव्हा, कारण तो खायला पुढं कुणी उरलेलंच नसतं. कंडेन्सर हळूहळू रिकामा करायला ब्लीडर रेझिस्टर असतो पण तोच ओपन झाला असेल तर? स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणारे पुष्कळ बघाल, ते करू नका, ट्रॅक उडतो आणि डोळ्यात धातू जातो. होल्डरमध्ये १०० वॅटचा साधा बल्ब घ्या, त्याच्या दोन वायरी कंडेन्सरच्या पायांना लावा, बल्ब क्षणभर उजळून विझला की डिस्चार्ज झालं, वर मीटर लावून खात्री करा, मगच हात घाला. पायात चप्पल, दुकानात दुसरं कुणीतरी, आणि चालू बोर्डवर मोजताना एक हात खिशात. ऑसिलोस्कोप घेतलात तर त्याची ग्राउंड क्लिप एसएमपीएसच्या मेनच्या बाजूला कधीच लावायची नाही, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर त्या बाजूला स्कोप न्यायचाच नाही.

तोच बल्ब सिरीज बोर्डलाही लागतो. दुसऱ्या दिवशी काकांनी मला पहिल्यांदा सिरीज बोर्ड बनवायला लावला. लाकडी पट्टी, एक होल्डर, एक सॉकेट, फेज वायर बल्बमधून. शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि बोर्ड वाचतो, सगळं ठीक असेल तर चार्जिंगचा एक फ्लॅश देऊन मंद होतो किंवा विझतो. एक गंमत मात्र आहे, मोठी एसएमपीएस छोट्या बल्बवर धड सुरूच होत नाही, लुकलुकत बसते, चालू-बंद-चालू-बंद, नवीन माणूस त्याला फॉल्ट समजून चांगला बोर्ड उकरत बसतो. तेव्हा बल्ब वाढवून बघायचा, ६० चा १००, १०० चा २००. आणि एलईडी बल्ब चालत नाही, फिलामेंटचाच पाहिजे, ते आता मिळायचे कमी झालेत म्हणून दिसले की चार घेऊन ठेवा.

तर ड्रायव्हर बदलला, गेटचे रेझिस्टर बदलले, मॉस्फेट पुन्हा नवे (पहिल्या जोडीचे पैसे माझ्या पगारातून गेले), सिरीज बोर्डवर लावलं आणि बल्ब मंद झाला. आउटपुटवर डीसी मोजला, २० मिलिव्होल्टच्या आसपास, छान. ही पायरी सोडायची नाही बरं का. ॲम्प्ली शॉर्ट होऊन ६० व्होल्ट डीसी वूफरवर गेला तर ६ ओहमच्या कॉइलमधून १० अँपिअर वाहतो म्हणजे ६०० वॅटची शेगडी झाली, काही सेकंदात कॉइल जळते आणि आता गिऱ्हाइकाला वूफरही तुम्हीच द्यायचा. त्यामुळं टेस्टिंगला आधी वूफरच्या जागी डमी लोड, ८ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर, निदान १०० वॅटचा, तापतो म्हणून हीटसिंकवर. वूफर वेगळा तपासायचा, आठ ओहमचा वूफर मीटरवर सहाच्या आसपास दाखवतो, तो खराब नसतो, आणि कोन हळूच दाबून बघायचा, घासल्यासारखं लागलं तर कॉइल भाजलीय.

डमी लोडवर वाजला, वूफरवर वाजला, बल्ब काढून थेट लाईनवर वाजला. वीस मिनिटं. मी आप्पांना फोन करायला बाहेर गेलो आणि आतून फट्ट.

यावेळी काकांनीच फोन घेतला आणि आप्पांना एकच प्रश्न विचारला, "बंद पडायच्या आधी काही नाटकं करत होता का?" आप्पा म्हणाले, "हो की, महिनाभर टक टक करायचा, वरनं थाप मारली की नीट चालायचा." थाप मारून चालणारी वस्तू म्हणजे कुठंतरी सोल्डर तुटलंय, हे तर रेडिओच्या जमान्यापासूनचं ज्ञान. ते मला पहिल्या दिवशी फुकट मिळालं असतं. आता बॉक्स आला की पेचकस हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बोलतो. अचानक गेला की हळूहळू, तापल्यावर जातो की थंड असताना सुरू होत नाही, जनरेटरवर होता का, आधी कुणी उघडलाय का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नेहमी "नाही" येतं आणि आत दुसऱ्याचं सोल्डर चमकत असतं.

मग तुटलेलं सोल्डर शोधायला भिंग घेऊन बसलो. इथं मला ज्यानं अर्धा दिवस फसवलं ते सांगतो. ड्रायव्हरच्या खालच्या बाजूला, म्हणजे मायनस रेलकडचा मॉस्फेट चालवणाऱ्या भागाला, १२ व्होल्टची सप्लाय लागते. मी मीटरची काळी वायर ग्राउंडला लावून मोजलं तर मायनस ५३ दाखवायला लागला, मला वाटलं सप्लायचाच सत्यानाश झालाय. पण ते १२ व्होल्ट ग्राउंडपासून मोजायचेच नसतात, मायनस रेलपासून मोजायचे असतात, मायनस ६५ च्या वर १२ म्हणजे ग्राउंडवरून मायनस ५३ च दिसणार! काळी वायर मायनस रेलवर धरली (क्लिप लावून, पॉवर बंद असताना, हातात धरून नाही, घसरली की संपलं) तर बरोबर १२ आले, आणि प्लास्टिकच्या पट्टीने बोर्ड दाबला की ९, १०, मग पुन्हा १२. त्या सप्लायला एक दोन-तीन वॅटचा रेझिस्टर होता, ५३ व्होल्ट अंगावर घेऊन दिवसभर तापणारा, खालची पीसीबी तांबूस झालेली आणि पायाभोवती केसाएवढी गोल चीर. बाससोबत बॉक्स हादरला की ती चीर उघडायची, ड्रायव्हर अर्धवट बंद-चालू व्हायचा, टक टक, आणि एक दिवस मॉस्फेट घेऊन गेला. रेझिस्टर दोन-तीन रुपयांचा आणि सोल्डर तर त्याहून कमी.

तो रेझिस्टर मी मोठ्या वॅटचा घेऊन बोर्डपासून सेंटीमीटरभर उंच बसवला, हवा खेळावी म्हणून, आणि शेजारचा छोटा कंडेन्सरही बदलला कारण रेझिस्टरच्या उष्णतेने तो सुकलेला असणारच.

तेव्हापासून कुठलाही बॉक्स आला की तांबूस झालेली जागा आधी शोधतो. दुसरी जागा म्हणजे मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी लावलेला पिवळसर गोंद. हादऱ्याने कंडेन्सर हलू नये म्हणून कंपनी लावते पण त्यातला काही प्रकारचा गोंद वर्षानुवर्षं तापून चॉकलेटी होतो आणि मग करंट वाहून न्यायला लागतो, खालचे पाय गंजवतो, अशा फॉल्टला मीटरवर सगळे पार्ट चांगले दिसतात आणि बोर्ड काही चालत नाही. खरवडून काढायचा, पाय साफ करायचे, मगच पुढचं बोलायचं.

एसएमपीएस मेली असेल तर लाईनची चौकशी करा. मांडवात थ्री फेजचा न्यूट्रल सुटला की एका फेजवर २३० च्या जागी चारशेच्या जवळ जाऊ शकतो, एंट्रीचा निळा गोल एमओव्ही (जादा व्होल्टेज अंगावर घेणारा पार्ट) काळा होऊन फुटलेला असतो, मोठे कंडेन्सर फुगलेले असतात. मंडळाचे लोक हे कधी सांगत नाहीत, पण एकाच रात्री तीन बॉक्स आले तर दुसरं काय असणार. बाहेरून आणलेल्या काही बॉक्सना ११५-२३० चा स्विच असतो, तो ११५ वर राहिला आणि आपल्या लाईनला लावला की तोच प्रकार.

जुन्या टाइपचे बॉक्स, ट्रान्सफॉर्मर आणि ५२०० - १९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी, हे शिकायला सगळ्यात चांगले, सगळं डोळ्याला दिसतं. यात हम आला तर कसला ते ऐका, जाड मऊ ५० हर्ट्झचा बहुतेक अर्थिंग किंवा शील्डचा, थोडा कडक १०० चा असेल तर फिल्टर कंडेन्सर बघा. आवाज फाटतोय पण आउटपुट ठीक आहे अशा वेळी ऑपॲम्पचे प्लस-मायनस १५ मोजा, एक बाजू पडलेली असते. आणि मायनस १५ चा रेग्युलेटर ७९१५ बदलताना लक्ष ठेवा, त्याचे पाय प्लसवाल्या ७८१५ सारखे नसतात, ७८१५ ला इनपुट पहिला आणि ग्राउंड मधला, ७९१५ ला ग्राउंड पहिला आणि इनपुट मधला, शिवाय त्याच्या पाठीच्या पत्र्यावर इनपुट असतो, मायका (मधे वीज न जाऊ देणारी पातळ चकती) न लावता हीटसिंकला टाइट केलात तर मजा बघा.

डुप्लिकेट पार्ट हा तर वेगळा रडगाण्याचा विषय. पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर ५२०० पाच भावात मिळेल, सगळ्यांवर छापलेलं एकच. ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून बघा, छपाई सहज निघाली तर सोडा. मी एकच दुकान धरलंय, चार पैसे जास्त देतो, पण रात्री दहाला मांडवातून फोन येत नाही.

सर्किट डायग्राम मिळेल ही आशा सोडा. लोकल बोर्डांची नसतेच. पण आयसीचा नंबर वाचून त्याची डेटाशीट काढली की त्यातला नमुना सर्किट बऱ्यापैकी जुळतो, बनवणाऱ्यांनीही तिथूनच उचललेला असतो. आणि डीएसपीचा बोर्ड मेला असेल, किंवा पाण्यात भिजून ट्रॅक हिरवे झाले असतील तर नाही म्हणायला लाजू नका, तपासणीचे पैसे घ्या आणि बोर्ड बदलून घ्या म्हणून सांगा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर कुठलीच अवघड केस घेऊ नका, सगळ्यांना उद्याच पाहिजे असतं.

आप्पांचा बॉक्स तिसऱ्या वेळी मी चार तास वाजवला, दोन तास थेट बासवर, वर अधूनमधून बुक्की मारत. प्लेट बसवताना कडेची फोमची पट्टी फाटलेली होती ती नवी लावली, नाहीतर बासला फटीतून फुर्रफुर्र हवा येते आणि गिऱ्हाईक म्हणतं आवाज अजून फाटतोय. फ्यूजही बरोबर अँपिअरचा टाकला. मजुरी काकांनी ४०० रुपये लावली, मॉस्फेट एकाच जोडीचे धरले. आप्पांनी पैसे मोजून दिले, बॉक्स रिक्षात ठेवला आणि जायच्या आधी सवयीने वरून एक थाप मारली.