मुलांना कोल्हापूरच्या टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय कसं दाखवावं

सोमवार आणि सरकारी सुट्ट्या वगळून दिवस ठरवा. मुलांना पोटभर खायला घालूनच बाहेर पडा. भुकेलं पोर काचेपलीकडचं काही बघत नाही. सोबत वही आणि शिसपेन्सिल घ्या.

थेट टाऊन हॉलला जाऊ नका. आधी पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर चला. इथे १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातली वस्ती सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी इथे लोक विटांच्या घरांत राहत होते, एवढंच सांगा. त्या वस्तू ठेवायलाच पुढे हे संग्रहालय उभं राहिलं. जागा आधी पाहिली की वस्तू कुणाची, हे मुलांना सांगत बसावं लागत नाही.

मग सीपीआर रुग्णालयासमोर, टाऊन हॉलला या. बागेतल्या तोफांजवळ पोरं रेंगाळणारच, रेंगाळू द्या. इमारत १८७२ ते १८७६ मधली, वास्तुविशारद मेजर मँट यांची. न्यू पॅलेस हा राजवाडाही त्यांचाच. टोकदार कमानी मुलांनाच शोधायला लावा.

आत गेल्यावर एकच वस्तू मनापासून बघायची असेल, तर ब्रह्मपुरीतली पोसायडनची कांस्यमूर्ती बघा. वीतभरसुद्धा नाही, म्हणून लहानग्यांना उचलून घ्या. दाढी आहे, एक हात वर गेलेला आहे, पण हातात काही नाही. 'इथं काय असेल?' असं विचारा आणि उत्तराची घाई करू नका. त्यांना तसंच उभं राहून बघू दे. काठी, भाला, झेंडा असं सगळं येईल. मग त्रिशूळ सांगा. हा ग्रीकांचा समुद्रदेव. आता खरा प्रश्न: कोल्हापुरात समुद्र नाही, मग हा आला कुठून? रोमशी चालणारा व्यापार, कोकणातली बंदरं, सह्याद्रीतले घाट, ही गोष्ट इथेच उभ्याउभ्या सांगावी. माझ्या मते अख्ख्या संग्रहालयात मुलांसाठी याहून मोठं काही नाही.

मूर्तीचं चित्र वहीत काढू द्या. फोटो काढायचा असेल तर आधी तिथल्या मामांना विचारा. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांची चित्रं मोठ्या मुलांना जरूर दाखवा. धाकटी कंटाळली तर तिथेच थांबा. शस्त्रांचं दालन पुढच्या खेपेला.

घरी गेल्यावर नकाशा उघडा आणि कोकण किनाऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतची वाट मुलांनाच बोटानं काढू द्या.