नाकाचं ऑपरेशन आणि मेडिक्लेम: या चुका टाळा

नाकाच्या ऑपरेशनचा क्लेम फेटाळला गेला की घरात पहिलं वाक्य निघतं, "हे विमावाले असेच." कधीकधी ते खरंही असतं. पण क्लेमच्या कागदांत लोकांना मदत करताना लातूर, परभणी, नांदेडकडच्या ज्या फायली मी पाहतो, त्यांत बहुतेकदा दुखणं दुसरंच असतं. ऑपरेशन गरजेचं होतं, पॉलिसी चालू होती, हप्ते वेळेवर भरलेले होते. फक्त सगळ्या फायलीत एकाही कागदावर या माणसाला श्वास घेता येत नाही असं लिहिलेलं नव्हतं. क्लेम तपासणारा माणूस पेशंटला कधीच भेटत नाही, त्याच्यासमोर असतात ते कागदच.

आधी नियम समजून घ्या. आरोग्य विम्यात काय वगळायचं याची भाषा आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) सगळ्या कंपन्यांसाठी सारखी केली आहे. तुमच्या पॉलिसीत 'एक्सक्ल ०८' (Excl08) असा कोड शोधा. त्याचा अर्थ असा: रूप बदलण्यासाठी केलेली कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी मिळणार नाही. पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतर अवयव पुन्हा घडवावा लागला, किंवा तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचाराचा भाग म्हणून ती करावी लागली, तर मिळेल. ही गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी प्रमाणित करायला हवी. हा 'पण' नीट वाचला तर अर्धी भांडणं मिटतील.

पहिल्याच केसपेपरवर अर्धी तक्रार सांगणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर विचारतात "काय होतंय?" आणि पेशंट सांगतो, "साहेब, नाक वाकडं दिसायलंय, सरळ करून द्या." ज्युनिअर डॉक्टर तेच लिहितात: 'नाकाला बाहेरून व्यंग, दुरुस्तीची इच्छा.' रात्री एक नाकपुडी गच्च होते, तोंड उघडं ठेवून झोपावं लागतं, सकाळी घसा कोरडा पडतो, जिन्याचा एक मजला चढला तरी तोंडाने दम घ्यावा लागतो, हे सांगायचं राहूनच जातं. इतक्या वर्षांत त्याची सवय झालेली असते, म्हणून ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

दोन महिन्यांनी क्लेम जातो तेव्हा टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था, पहिला ओपीडी पेपर मागवते. तिथे 'दुरुस्तीची इच्छा' वाचलं की पुढचं सगळं त्याच चष्म्यातून वाचलं जातं.

खोटं सांगू नका, पण खरं आहे ते पूर्ण सांगा. कोणत्या बाजूने श्वास अडतो, केव्हापासून, झोपेत काय होतं, सायनसचा त्रास वरचेवर होतो का, कोणते स्प्रे आणि गोळ्या किती आठवडे घेतल्या आणि तरी फरक का पडला नाही. स्प्रेचा मुद्दा लोक हलका समजतात. औषधांनी बरं वाटलं नाही म्हणून ऑपरेशन, हा क्रम फायलीत दिसला पाहिजे. त्यामुळे मेडिकलवाल्याकडून स्प्रे घेताना पक्कं बिल घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

तपासणीचंही तेच. दुर्बिणीतून नाक पाहिलं असेल तर त्याचा लेखी रिपोर्ट मागून घ्या. 'डीएनएस' (नाकाच्या मधला पडदा वाकडा असणं) एवढी तीन अक्षरं पुरत नाहीत. पडदा कोणत्या बाजूला आणि किती वाकला आहे, टर्बिनेट (नाकाच्या आतल्या बाजूच्या भिंतींवरचे उंचवटे) सुजलेले आहेत का, हे त्यात हवं. काही पेशंटांचा पडदा ठीक असतो, पण नाकपुडीच्या वरची कूर्चा इतकी मऊ पडलेली असते की श्वास आत ओढताना नाकपुडी आत चिकटते. याला नेझल व्हॉल्व्ह कोलॅप्स म्हणतात. डॉक्टर गालाची कातडी बोटाने नाकापासून बाजूला ओढून बघतात आणि त्या क्षणी श्वास मोकळा झाला तर अडथळा तिथे असावा, असा अंदाज बांधतात. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची, पण तिचा निष्कर्ष केसपेपरवर लिहिला नाही तर व्हॉल्व्हची दुरुस्ती कंपनीला सरळ 'नाकाचा आकार बदलला' अशीच दिसते.

वेटिंग पिरियड न मोजणं

पडदा सरळ करण्याचं ऑपरेशन, म्हणजे सेप्टोप्लास्टी, सहसा बाहेरून दिसण्यात बदल करत नाही. त्यामुळे ते कॉस्मेटिकमध्ये अडकायचं कारण नाही. ते अडकतं दुसरीकडेच. बहुतेक पॉलिसींत ठरावीक आजारांसाठी २४ महिन्यांचा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तेवढा काळ त्या आजारांचा क्लेम मिळत नाही, आणि नाकाचा वाकडा पडदा, सायनस, टॉन्सिल त्याच यादीत असतात. नियमाने ही मर्यादा जास्तीत जास्त ३६ महिने असू शकते. यादीत 'डीएनएस' हा शब्द सापडला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत तो 'कान-नाक-घशाचे सौम्य विकार' या मोठ्या नावाखाली मोडतो.

मुदत पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजा. नूतनीकरण चुकून खंड पडला असेल तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून होऊ शकते. मधल्या काळात विम्याची रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेला नवी मुदत लागते. कंपनी बदलताना पॉलिसी रीतसर पोर्ट केली, म्हणजे चालू पॉलिसीच नव्या कंपनीकडे नेली असेल तर आधीचे महिने धरले जातात. नुसती जुनी बंद करून नवी घेतली असेल तर नाही.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांनी एचआरला एवढंच विचारावं: आपल्या ग्रुप पॉलिसीत वेटिंग पिरियड माफ आहे का? पुष्कळ ग्रुप पॉलिसींत तो माफ असतो. नोकरी सोडायच्या बेतात असाल तर हे आधी विचारा, कारण नोकरी सुटली की त्या पॉलिसीचं छत्रही जातं.

जुनं दुखणं लपवणं

एजंट म्हणतो, "नाकाबिकाचं लिहू नका, उगाच अडकेल." फॉर्मवर सगळीकडे 'नाही'वर खूण होते. मग ऑपरेशनच्या वेळी पेशंट डॉक्टरांना खरं सांगतो, 'आठ वर्षांपासून नाक बंद', आणि तेही केसपेपरवर उतरतं. पॉलिसी तीन वर्षांची. आता प्रश्न ऑपरेशनचा राहत नाही, माहिती दडवल्याचा होतो आणि अख्खी पॉलिसी धोक्यात येते.

आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. २०२४ पर्यंत तो ४८ होता. म्हणजे खरं लिहून वाट पाहिली तरी तीन वर्षांत हक्क मिळतो. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दिली नाही या कारणावरून कंपनी हरकत घेऊ शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच घेऊ शकते. एवढा सरळ रस्ता असताना एजंटच्या सांगण्यावरून खोटी खूण करणं मला अजिबात पटत नाही.

अपघाताचा पहिला कागद फेकून देणं

मोटरसायकल घसरली, बैलाचं शिंग लागलं, कुस्तीत कोपर बसलं. आपल्याकडे नाकाचं हाड असंच मोडतं. गावातल्या दवाखान्यात रक्त थांबवतात, एक इंजेक्शन, चार गोळ्या, आणि माणूस घरी. सूज उतरायला आठवडा जातो, तोवर शेतीची कामं निघतात. मोडलेलं हाड मोठ्या माणसात साधारण दोन आठवड्यांच्या आत जागेवर बसवायचं असतं, लहान मुलांत त्याहून लवकर. ती वेळ गेली की हाड वाकडंच जुळतं आणि मग काही महिन्यांनी सेप्टोरायनोप्लास्टी, म्हणजे पडदा आणि बाहेरचं नाक दोन्ही दुरुस्त करण्याचं मोठं ऑपरेशन, उरतं.

इथे क्लेमपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट सांगतो. मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या एकदम बंद झाल्या, दुखणं वाढत गेलं आणि आत पडद्यावर मऊ, लालसर-जांभळी सूज दिसली तर पडद्यात रक्त साचलेलं असू शकतं. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ते रक्त काढलं नाही तर कूर्चेचा रक्तपुरवठा तुटतो, ती मरते आणि नाकाचा कणा खाली बसतो. मुलांमध्ये हे नजरेतून सुटतं. कॅशलेसच्या (कंपनीने बिल थेट दवाखान्याला देण्याच्या) मंजुरीची वाट पाहत बसू नका.

आता कागद. अपघातामुळे लागलेल्या उपचाराला २४ महिन्यांचा वेटिंग पिरियड लागत नाही. पॉलिसी नवी असेल तर आजारांसाठी असलेला सुरुवातीच्या ३० दिवसांचा वेटिंग पिरियडही आड येत नाही. शिवाय अपघातानंतर नाक पुन्हा घडवणं 'एक्सक्ल ०८'च्या अपवादात बसतं, म्हणजे बाहेरचा आकार दुरुस्त केला तरी. एवढे हक्क एका कागदावर उभे आहेत: पहिल्या दिवशीचा केसपेपर, ज्यावर तारीख, वेळ आणि 'कशाने लागलं' हे लिहिलंय. सरकारी दवाखान्यात एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची वैद्यकीय नोंद) झाली असेल तर तिचा नंबर आणि एक्स-रे जपा. मोबाइलवर सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो काढला असेल तर तोही पुसू नका, आणि अपघाताआधीचा एखादा लग्नकार्यातला सरळ नाकाचा फोटो शोधून ठेवा. सहा महिन्यांनी 'हे व्यंग जन्मापासूनचं आहे' असं कंपनीने म्हटलं तर उत्तर तिथेच आहे.

गेलेलं नाक परत घडवणं ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं नाक कपाळाच्या कातडीतून पुण्याकडे पुन्हा तयार केलं गेलं, आणि ती हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आल्यावर युरोपातल्या सर्जननी ते तंत्र उचललं. अशा ऑपरेशनला नटण्यामुरडण्याच्या खात्यात टाकणं अन्यायाचं आहे. म्हणूनच तो अपवाद पॉलिसीत आहे. तो मागून घ्या.

दोन कामांचं एकच बिल

लग्न ठरलंय, पडदाही वाकडा आहे, तर त्याच भुलीत नाकाचा उंचवटाही घासून घ्यावा असं मुलीला किंवा मुलाला वाटतं. त्यात गैर काहीच नाही, आणि त्यासाठी कुणी लाज वाटून घ्यायचं कारण नाही. पण त्या भागाचा खर्च विमा देणार नाही. ऑपरेशनआधी दवाखान्याकडून दोन वेगळे अंदाजपत्रक मागा: श्वासासाठीच्या कामाचं एक, दिसण्यासाठीच्या कामाचं दुसरं. सर्जनची फी, थिएटरचा वेळ, भूल, सगळं वेगळं दाखवलेलं असू द्या. दुसरं बिल स्वतः भरा.

"सगळं सेप्टोप्लास्टीतच बसवून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. थिएटरच्या नोंदीत काय केलं ते लिहिलेलं असतं, आधीचे आणि नंतरचे फोटो असतात. पकडलं गेलं तर जो भाग हक्काने मिळणार होता तोही जातो आणि पॉलिसी रद्द होऊ शकते. सही तुमची असते, दवाखान्याची नाही.

योजनेची चौकशी ऑपरेशननंतर करणं

ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांच्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण इथे मंजुरी आधी लागते. खासगीत पैसे भरून ऑपरेशन करून मग बिल घेऊन गेलात तर परतावा मिळत नाही. तुमचं ऑपरेशन योजनेच्या यादीत आहे का आणि ते सरकारी रुग्णालयासाठीच राखीव आहे का, हे योजनेतल्या रुग्णालयात मदतीला बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेतच. फोनवर विचारायचं तर १५५३८८. फाटलेल्या ओठासोबत नाकही बेढब असलेलं बाळ असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नोंद करा. फाटलेला ओठ आणि टाळू त्यांच्या जन्मजात दोषांच्या यादीत आहे. खासगी पॉलिसीत मात्र बाहेरून दिसणारं जन्मजात व्यंग अनेकदा वगळलेलं असतं.

नकार आला की गप्प बसणं

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम फेटाळला असं नाही. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे. घाईत अपुऱ्या कागदांवर नकार येतो. पैसे भरून ऑपरेशन करून नंतर परताव्याचा क्लेम टाकता येतो. तो टाकताना ऑपरेशन का आवश्यक होतं हे सांगणारं डॉक्टरांचं पत्र सोबत जोडा.

परताव्याचा क्लेमही फेटाळला तर तोंडी उत्तरावर थांबू नका. पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली फेटाळला ते लेखी मागा. 'कॉस्मेटिक' एवढा शब्द पुरेसा नाही. क्लेम पूर्ण फेटाळायचा तर कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीची मंजुरी लागते, हेही पत्रात विचारा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज द्या आणि आयआरडीएआयच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातल्या वादावर निवाडा देणारा अधिकारी. मराठवाड्यातले सगळे जिल्हे पुणे कार्यालयाकडे येतात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज पोचला पाहिजे. त्या अर्जाला पहिला केसपेपर, दुर्बिणीचा रिपोर्ट, स्प्रेची बिलं, थिएटरची नोंद, डॉक्टरांचं पत्र आणि नकाराचं पत्र, याच क्रमाने जोडा. मूळ कागद देऊ नका, प्रती द्या.