क्यू हातात अडकतो तेव्हा : स्क्रॅबलमधील या चुका टाळा

स्क्रॅबल या इंग्रजी शब्द जुळवण्याच्या खेळातील 100 टाइल्समध्ये, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांमध्ये, क्यू एकच असतो, त्याचे गुण 10 असतात, आणि तो हाती येताच नवखा खेळाडू हमखास एक चूक करतो : इंग्रजीत क्यूनंतर बहुधा यू येतो म्हणून तो यूची वाट पाहत बसतो. यूच्या टाइल्स अवघ्या 4 असतात आणि त्यांतल्या काही आधीच बोर्डावर गेलेल्या असतात. दोघांच्या डावात समोरच्याने आपल्या टाइल्स संपवल्या आणि क्यू आपल्या हातातच राहिला, तर आपले 10 गुण जातात व तेवढेच त्याला मिळतात, म्हणजे फटका 20 गुणांचा बसतो.

यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द. चिनी विचारपरंपरेतील प्राणशक्ती असा त्याचा अर्थ असून स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांच्या उत्तर अमेरिकेच्या अधिकृत यादीत तो 2006 मध्ये आला. त्याचा उच्चार ‘ची’ असा होत असल्याने तो कानावरून ओळखू येत नाही, आणि म्हणूनच तो पाठ असूनही ऐनवेळी आठवत नाही. अक्षराचे तिप्पट गुण देणाऱ्या घरावर क्यू ठेवून हाच शब्द आडवा आणि उभा असा दोन्हीकडे जुळवता आला, तर 31 आणि 31 मिळून 62 गुण होतात.

यू नसलेले क्यूचे अनेक शब्द अरबीतून इंग्रजीत गेले आहेत, आणि फकीर, काझी, तलाक, नकाब, बुरखा हे शब्द मराठी वाचकाला परके नाहीत. येथे मात्र आपली ओळखच आपल्याला चकवते. अरबीत क्यूने दाखवला जाणारा ध्वनी आणि साधा ‘क’ वेगळे आहेत. मराठीत दोन्ही एकाच अक्षराने लिहिले जात असल्याने नेमके इंग्रजी स्पेलिंग कानाने ठरवता येत नाही. फकीर हा शब्द के घालूनही चालतो आणि क्यू घालूनही. काझीच्या बाबतीत ‘झ’ ऐकून झेडकडे हात जातो, पण खात्रीने चालणारा शब्द क्यू-ए-डी-आय असा, डी घेऊन येतो.

स्वरांचीच गर्दी झाली की अनेकजण टाइल्स बदलून घेतात आणि एक पाळी वाया घालवतात. ए-ए म्हणजे खडबडीत पृष्ठभागाचा लाव्हा. हा शब्द हवाईच्या भाषेतील आहे. ए-आय म्हणजे तीन बोटांचा स्लॉथ हा झाडावर राहणारा संथ प्राणी; या शब्दाचा उच्चार गमतीने आपल्या ‘आई’च्या जवळ जातो. ओ-ई म्हणजे उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांजवळची वावटळ. अर्थ ठाऊक नसला तरी शब्द चालतो, हे खरे. तरीही माझ्या मते अर्थ न पाहता पाठ करणे ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण शेवटी एस जोडता येईल की नाही, हे बहुधा अर्थच सांगतो. वरील तिन्ही नामे असल्याने त्यांना एस लागतो. ए-ई हे मात्र ‘एक’ या अर्थाचे स्कॉटिश विशेषण आहे, त्यामुळे त्याला एस लावला आणि समोरच्याने आव्हान दिले, तर शब्द उचलावा लागतो व पाळी जाते. एक्स-यू हे व्हिएतनामचे नाणे. त्याचे अनेकवचनही तेच राहते, म्हणून नाम असूनही त्याला एस लागत नाही.

स्वर अजिबातच नसतील, तर टी-एस-के, एच-एम-एम यांसारखे उद्गार आणि सी-डब्ल्यू-एम हा वेल्श शब्द उपयोगी पडतात. सी-डब्ल्यू-एम म्हणजे डोंगराच्या कुशीतील तीव्र कडांचा खोलगट भाग. वेल्शमध्ये डब्ल्यू स्वराचे काम करतो.

वाद बहुतेक वेळा शब्दयादीवरून होतात. उत्तर अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या कॉलिन्सच्या यादीतील झेड-ओ, म्हणजे याक आणि गाय यांचे संकरित जनावर, उत्तर अमेरिकेच्या यादीत नाही. पिझ्झाचे लघुरूप झेड-ए मात्र दोन्हीकडे चालते. म्हणून कोणती यादी मानायची, हे पहिली टाइल उचलण्यापूर्वीच ठरवावे. व्हीचा दोन अक्षरी शब्द मात्र दोन्ही याद्यांत एकही नाही, त्यामुळे व्हीच्या शेजारी एकच अक्षर जोडून निभावून नेण्याचा प्रयत्न करू नये.